मुलाची जागा ठरवताना : स्वमग्न मूल, पालक आणि शिक्षक यांच्यातला संवाद

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि वक्त्यांची उत्तरे दिली आहेत.)



जूनमध्ये शाळा उघडतात. पहिलं सत्र संपत येतं, आणि काही घरांत शाळेतून फोन येतो : "एकदा येऊन भेटून जा." आईबाबा अर्धी रजा टाकून जातात. मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्गशिक्षिका बसलेल्या असतात. थोडं इकडचं तिकडचं होतं आणि मग ते वाक्य येतं : "हे बघा, इथे तुमच्या मुलाचंच नुकसान होतंय. त्याला विशेष शाळेत घालायचा विचार करा." त्यानंतर साधारण वीस मिनिटं बोलणं होतं. आईच्या डोळ्यांत पाणी येतं, बाबांचा आवाज चढतो, बाई खाली बघतात. त्या वीस मिनिटांत मुलाची पुढची दहा वर्षं कुठे जाणार ते जवळपास ठरून जातं.

आजचा विषय त्या वीस मिनिटांचा आहे.

मी डॉक्टर नाही, विशेष शिक्षकही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण मी एका स्वमग्न मुलाचा आजोबा आहे आणि अशा बैठकांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेलो आहे. शिवाय दोन माणसांनी बोलून खऱ्यापर्यंत कसं पोचायचं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. त्याचा इथे काही उपयोग होतो का, ते पाहू.

नावाचा इतिहास

आधी थोडं नावाबद्दल. इंग्रजीत 'ऑटिझम' म्हणतात त्याला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणू लागलो. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून हा विषय वैद्यकशास्त्रात ठळक झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी अशाच काही मुलांवर लिहिलं.

आपल्याकडे कायद्यात हे नाव यायला फार वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती आली. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली.

हे सनावळीसाठी सांगत नाही. आज पन्नाशीत असलेल्या बाईंनी डी. एड. केलं तेव्हा त्यांच्या अभ्यासक्रमात हा शब्द असण्याची शक्यता किती, याचा विचार करा. त्या काळी अशा मुलाला एक तर 'मतिमंद' म्हणत किंवा 'हट्टी' म्हणत. आणि स्वमग्न असलेलं प्रत्येक मूल बौद्धिकदृष्ट्या मागे असतंच असं नाही. काही असतात, काही नसतात, काही आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे असतात. समोरची बाई दुष्ट आहे, हे गृहीत धरून खोलीत शिरायचं नाही. तिला कोणी हे शिकवलंच नसेल, ही शक्यता आधी धरायची.

वाद, जल्प आणि वितंडा

आता मुद्द्याकडे येतो. गोदावरीच्या काठावर गौतमाचं नाव घ्यायला परवानगी लागत नाही. या नदीला आपण गौतमी म्हणतो. पुराणातले गौतम ऋषी आणि न्यायसूत्रांचे कर्ते गौतम एकच की वेगळे, त्यात आज जायला नको. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा.

आपण मराठीत 'वाद घालू नका' म्हणतो, तेव्हा वाद म्हणजे भांडण असा अर्थ होतो. न्यायशास्त्रात वाद हा चांगला शब्द आहे. खरं काय ते कळावं म्हणून दोघे प्रमाणं देऊन बोलतात, तो वाद. जल्पात जिंकायचं असतं. त्यासाठी शब्दांत पकडणं, आडवळणं, सगळं चालतं. आणि वितंडेत माणूस स्वतःची काहीच बाजू मांडत नाही, फक्त समोरच्याचं खोडून काढतो.

शाळेतली ती बैठक डोळ्यांसमोर आणा. शाळा म्हणते, "इथे जमणार नाही." मग कुठे जमेल, कसं जमेल, काय करून पाहिलं? त्यावर उत्तर नाही. ही वितंडा झाली. पालक म्हणतात, "विशेष शाळा नको म्हणजे नको." बरं, मग या वर्गात त्याला काय मिळावं असं तुम्हाला वाटतं? त्यावरही उत्तर नाही. ही पण वितंडाच. दोन्हीकडून वितंडा चालते आणि मूल बाहेर बाकावर चपलेचा पट्टा उघडझाप करत बसलेलं असतं.

जल्पातली एक युक्ती म्हणजे छल. 'नवकंबल' हे त्याचं जुनं उदाहरण. कोणी म्हणालं, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! शब्द तोच, अर्थ सरकवला. आता 'समावेशक शिक्षण' हा शब्द घ्या. "आम्ही त्याला वर्गात बसवलंय ना, झाला की समावेश." २०१६ च्या कायद्यात समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत या मुलांच्या गरजेनुसार जुळवून घेतलेली असते. दुसरा भाग गाळला की नवाची घोंगडी नऊ होते. मागच्या बाकावर दिवसभर भिंतीकडे बघत बसलेलं मूल वर्गात आहे, पण शिक्षणात नाही.

पालकांच्या बाजूनेही छल होतो. "डॉक्टरांनी सौम्य सांगितलंय" एवढंच सांगायचं आणि मूल रोज दोनदा वर्गातून पळून जातं ते सांगायचं नाही, हाही छलच.

साक्षीदार कोण?

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. त्या माणसाला 'आप्त' म्हणतात. आप्त म्हणजे नातेवाईक हा अर्थ नंतरचा. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची खूण सांगितली : ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, ही खूण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे पदवी बघायची नाही. पाहिलंय का आणि खरं सांगतोय का, एवढंच बघायचं.

या बैठकीत आप्त कोण? आई आहे. मूल रात्री किती वाजता झोपतं, कुठल्या आवाजाने बिथरतं, चिडण्याआधी त्याच्या बोटांची हालचाल कशी बदलते, हे तिने हजारदा पाहिलंय. शाळेत 'आईला काय कळतंय, ती भावनेने बोलते' असं वाटतं, तेव्हा सगळ्यांत मोठा साक्षीदार आपण बाहेर काढलेला असतो. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या आपल्या पुस्तकात अशा अन्यायाचं नीट विश्लेषण केलं आहे : बोलणारा कोण आहे एवढ्यावरून त्याच्या सांगण्याची किंमत कमी धरणं.

पण शिक्षिकाही आप्त आहे. आईने आपलं मूल चाळीस मुलांत बसलेलं कधी पाहिलेलंच नसतं. ते बाईंनी पाहिलंय. मधल्या सुट्टीत ते कुणाजवळ जाऊन उभं राहतं, कुठल्या तासाला शांत असतं, कोण त्याचा डबा ओढतं, हे बाईंना ठाऊक. रिक्षावाले काकाही आप्त आहेत. शाळेत येताना मूल कुठल्या वळणावर रडायला लागतं, ते त्यांना विचारा.

आणि मूल स्वतः. ते बोलत नसेल, तरी सांगत असतं. कान झाकणं हे सांगणं आहे, बाकाखाली जाऊन बसणं हेही सांगणं आहे. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना स्वमग्न माणसाचं मन तरी कुठे कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे. फक्त एकाच बाजूच्या न कळण्याला आजाराचं नाव मिळालं.

आपल्या नाशिककरांसाठी एक उदाहरण देतो. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर गर्दीत तुम्ही उभे आहात. भोंगे वाजताहेत, अंगाला अंगं घासताहेत, ऊन तापलंय. त्या क्षणी कोणी तुमच्या खांद्याला हलवून विचारलं, "तेराचा पाढा म्हणा बघू!" तर? येत असूनही तुम्ही म्हणणार नाही. हात झटकाल. काही स्वमग्न मुलांना शाळेची घंटा झाल्यावरचा व्हरांडा रोज असाच वाटतो. बाई वहीत लिहितात, 'पाढे येत नाहीत, मारतो.'

आधी वर्णन, मग जागा

माझं आज एकच सांगणं आहे. जागेचा प्रश्न पहिला घेऊ नका. आधी मुलाचं वर्णन करा. दोघांनी मिळून करा. आणि त्या वर्णनातून जागा निघू द्या. 'स्वमग्न' हे वर्णन नाही, ते नाव आहे. दाखल्यावरचा टक्का हेही वर्णन नाही. स्वमग्नतेसाठी जी भारतीय मोजपट्टी तयार झाली तिच्यात चाळीस बाबी आहेत. त्या चाळीसांची बेरीज होऊन आकडा येतो, आणि बेरीज झाली की कुठल्या बाबीत मूल अडतंय आणि कुठल्यात नाही ते आकड्यात दिसेनासं होतं. दाखला काढाच, सवलतींसाठी तो लागतो. पण बाईंना दाखल्यासोबत एक कागदही द्या.

एकच पान, मराठीत. त्यावर पाच गोष्टी : याला काय येतं. काय जड जातं. बिनसण्याआधी काय दिसतं. कशाने सावरतो. आणि कशात रमतो. 'चिडका आहे' असं लिहू नका. 'घंटा वाजली की कान झाकतो. दोन मिनिटं दाराबाहेर उभं राहू दिलं की आपणहून परत येतो' असं लिहा. पहिल्या वाक्याने बाईंच्या मनात भीती येते. दुसऱ्याने त्यांच्या हातात उपाय येतो.

मग बाईंकडून त्यांचं वर्णन मागा. "कसा आहे हो वर्गात?" असं विचारलं की "ठीक आहे" किंवा "फार त्रास देतो" एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "दिवसातला कुठला तास त्याला बरा जातो?" "कुणाच्या शेजारी बसला की शांत असतो?" "तुम्हाला सगळ्यांत जास्त अडचण कधी येते?" हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. शिक्षकांना तो फार कमी लोक विचारतात.

बोलायची वेळही निवडा. शाळा सुटताना फाटकाशी, मुलाचा हात धरून, बाकी पालकांच्या गर्दीत हे बोलणं करू नका. मुलाच्या देखत तर नकोच. न बोलणारी मुलं ऐकत असतात. आधी चिठ्ठी देऊन वीस मिनिटांची वेळ मागा. शक्यतो दोघे जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपून घ्यायचं. उठताना दहा गोष्टी ठरवू नका, एकच ठरवा. उदाहरणार्थ, परिपाठाला सगळ्यांत मागे, दाराजवळ उभं राहायचं. महिनाभर करून बघायचं. अमुक तारखेला पुन्हा बसायचं. घरी आल्यावर चार ओळींचं पत्र : आज काय ठरलं आणि वेळ दिल्याबद्दल आभार. त्या पत्राची एक प्रत तुमच्याकडे ठेवा. ते पत्र आज सौजन्य आहे. उद्या वेळ आलीच तर पुरावा आहे.

आमच्या घरच्या बैठकीत एकदा सरळ सांगितलं गेलं, "दाखला काढून न्या." शाळेचं नाव घेण्याचं कारण नाही. माझी सून चिडून सही करायला निघाली होती. सुदैवाने पेन चाललं नाही! पण गंमत सोडा. रागाच्या भरात शाळा सोडल्याचा दाखला मागू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुम्ही अर्ज केलात की मात्र तुम्ही स्वतः नेलं, असं होतं. एवढंच म्हणायचं : "तुमचं म्हणणं लेखी द्या. आम्ही विचार करून लेखी उत्तर देतो."

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शिक्षणसंस्थांना लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची, वैयक्तिक आधार द्यायचा, प्रगतीवर लक्ष ठेवायचं, हे त्यात आहे. एकतिसावं कलम सांगतं : चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. 'त्याच्या' हा शब्द लक्षात ठेवा. शाळेच्या सोयीप्रमाणे नाही, आणि आजोबांच्या अब्रूप्रमाणेही नाही. तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी घरी राहून शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही साधी शाळा, विशेष शाळा आणि घर हे तिन्ही मार्ग खुले ठेवले आहेत.

शिक्षकांचा प्रश्नही न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, तात्पुरती व्यवस्था म्हणून, स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. आपल्या आसपासच्या शाळांत ते कितपत दिसतं, ते तुम्ही जाणता. तक्रार करायची वेळ आली तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. पण कायद्याचं पुस्तक पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवू नका. ते पिशवीत असावं. पहिल्याच वाक्यात कलम काढलं की बाई साक्षीदार राहत नाहीत, आरोपी होतात. आणि आरोपी माणूस पाहिलेलं सांगत नाही, स्वतःला वाचवतो.

विशेष शाळा म्हणजे शिक्षा नाही

आता नाजूक भाग. काही मंडळींना वाटतं, साध्या शाळेत टिकलं तर मूल जिंकलं आणि विशेष शाळेत गेलं तर हरलं. नाशिककरांनी तरी असं समजू नये. रजनीताई लिमये या आपल्या गावच्या शिक्षिका, आणि स्वतः अशा एका मुलाच्या आई. १९७७ साली त्यांनी प्रबोधिनी सुरू केली, ज्यांना तेव्हा सगळे मतिमंद म्हणत त्या मुलांसाठी. तेव्हा ना २०१६ चा कायदा होता, ना शिक्षण हक्क. अशा मुलाला कोंडून ठेवणारी घरं होती. त्या काळात विशेष शाळा म्हणजे घराबाहेर उघडलेलं पहिलं दार होतं. आई आणि शिक्षिका या दोन आप्तांचं बोलणं तिथे एकाच माणसात झालं होतं, म्हणून ते काम उभं राहिलं असं मला वाटतं. आपल्याला तेच बोलणं दोन माणसांत घडवायचं आहे.

त्याच सुमाराला, १९७८ मध्ये, इंग्लंडात या विषयावरच्या समितीचा मोठा अहवाल आला. समितीच्या अध्यक्ष होत्या मेरी वॉर्नॉक, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. आमच्या बिरादरीतल्या म्हणून मला जरा अभिमान! त्यांनी सांगितलं, मुलाच्या अपंगत्वाचा प्रकार विचारत बसू नका, त्याची शैक्षणिक गरज काय ते विचारा. पालक हे भागीदार आहेत, यासाठी अहवालात स्वतंत्र प्रकरण होतं. या अहवालाने तिथे सर्वसामान्य शाळांची दारं उघडायला मोठी मदत झाली. आणि याच वॉर्नॉकबाईंनी २००५ साली, वयाच्या ऐंशीनंतर, एक पुस्तिका लिहून या धोरणाचा फेरविचार मागितला. काही मुलं, त्यांत स्वमग्न मुलंही, मोठ्या शाळेच्या गोंगाटात एकटी पडतात. एका छपराखाली असणं आणि सामावलेलं असणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. तिकडे त्यावर पुष्कळ टीका झाली. टीकाकारांचा मुद्दाही खोटा नाही : 'तिकडे त्याला बरं वाटेल' असं म्हणत शाळा आपली जबाबदारी ढकलायला मोकळ्या होतात.

मग ठरवायचं कसं? मी तीन प्रश्न सुचवतो, आणि ते प्रत्येक जागेला लावायचे, साध्या शाळेला तसेच विशेष शाळेला. एक, तिथे त्याचा दिवस कसा जाईल. भीतीत की बऱ्यापैकी निवांत? दोन, तिथे तो काय शिकेल. वर्षाअखेरी कोणत्या चार गोष्टी त्याला येतील? तीन, तिथे तो कुणाचा असेल; तो आला नाही तर 'आज का नाही आला' असं विचारणारं कुणी असेल का? विशेष शाळेत पहिल्याचं उत्तर चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट असू शकतं. साध्या शाळेत उलटं असू शकतं. म्हणून जाऊन बघा. एक अख्खा दिवस बसू देत असतील तर बसा.

आणि परतीचा रस्ता ठेवा. जागा हे एक अनुमान आहे. पुढच्या प्रत्यक्षाने ते बदलू शकतं. 'या वर्षी इथे, मार्चमध्ये पुन्हा बघू' असं दोघांनी कागदावर लिहिलं, तर आईचा जीव भांड्यात पडतो आणि शाळेचाही. कायमचं ठरवायचं म्हटलं की माणसं जल्पाला उतरतात.

प्रश्नोत्तरे

एक शिक्षिका : सर, तुम्ही म्हणता ते पटतं. पण माझ्या वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत, वर निवडणुकीची कामं. मी एकटी काय करू?

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे, बाई. कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तेच तुम्हाला मिळालेलं नाही. म्हणून तुम्ही पालकांना 'जमणार नाही' असं म्हणण्याऐवजी 'मला हे हे मिळालं तर जमेल' असं म्हणा, आणि तेच मुख्याध्यापकांना लेखी द्या. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागा. पालक तुमच्या विरुद्ध उभे आहेत असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुमच्या मागणीखाली सही करायला तेच पहिले येतील. आणि तुमच्याकडून आज एवढंच : पाटीवर दिवसाचं वेळापत्रक लिहा, आणि त्यात बदल होणार असेल तर त्या मुलाला आधी सांगा. याला पैसे लागत नाहीत, आणि उरलेल्या चाळीसांचंही त्याने काही बिघडत नाही.

एक आई : प्रवेश घेताना शाळेला सांगावं की लपवावं? सांगितलं की जागा नाही म्हणतात.

उत्तर : तुमची भीती खोटी नाही, ताई. असं घडतं हे आपण सगळे जाणतो. तरी मी सांगा म्हणेन. लपवलं की पहिल्या महिन्यात बाईंना कळतंच, आणि मग त्यांना वाटतं, यांनी आपल्याला फसवलं. त्या क्षणापासून तुम्ही त्यांच्या लेखी आप्त राहत नाही. मात्र सांगताना नुसतं नाव सांगू नका, ते एक पान द्या. आणि नाव सांगितल्यावर कोणी जागा नाही म्हणालं तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळ ठिकाणी जागा निघते.

एक गृहस्थ : आमच्या मुलाला गेल्या वर्षी विशेष शाळेत घातलं. नातेवाईक म्हणतात, तुम्ही लवकर हात टेकलेत. मनाला लागतं.

उत्तर : मुलगा सकाळी शाळेत जायला निघतो तेव्हा कसा असतो?

गृहस्थ : आता आपणहून बूट घालतो. आधीच्या शाळेला जाताना दाराची कडी धरून बसायचा.

उत्तर : मग सगळ्यांत जवळच्या साक्षीदाराने साक्ष दिली आहे. नातेवाइकांना चहा द्या आणि विषय बदला. पण आपला दुसरा प्रश्न सोडू नका : तिथे तो काय शिकतोय? नवीन बाईंना येत्या आठवड्यात भेटा आणि विचारा, मार्चपर्यंत याला कुठल्या चार गोष्टी येतील? त्या लिहून घ्या. विशेष शाळेत घातलं म्हणजे बाईंशी बोलायचं काम संपलं, असं होत नाही.

वेळ झाली. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी पुढच्या पालकसभेआधी ते एक पान लिहावं, आणि जे शिक्षक आले आहेत त्यांनी ते मागून घ्यावं.